मारुतीचा ऑफ सीझन

बनुबाई विरजण मागायला आल्या होत्या. कारखान्याच्या कॉलनीत विरजण मागायला येणं म्हणजे शेजारी काय चाललंय ते बघायला येणं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण रंगनाथ फिटरच्या अंगणात त्या दिवशी जे चाललं होतं ते बघून बनुबाईंच्या हातातली वाटी गळून पडली. अंगणभर बारदानं अंथरली होती. एका बारदानावर चाकं, दुसऱ्यावर दरवाजे, तिसऱ्यावर इंजिनाचा कोथळा, आणि मधोमध विटांच्या थप्प्यांवर एक पांढराशुभ्र सांगाडा. दसऱ्याला घेतलेली, अजून सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न निघालेली ती रंगनाथच्या बायकोची, जयमालाची मारुती होती.

"भाऊ, कुठं धडकली वो?" बनुबाईंनी कसंबसं विचारलं.

"धडकती कशाला? ऑफ सीझन हाय," रंगनाथ रॉकेलच्या घमेल्यातून मान वर न काढता म्हणाला.

ज्याचा साखर कारखान्याशी संबंध आलेला नाही त्याला हे उत्तर कळायचं नाही. कारखाना दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेटतो आणि चैत्रात विझतो. मग पुढचे महिने तो उघडून ठेवतात. पंप, रोलर, व्हॉल्व्ह, सगळं सुटं करायचं, रॉकेलनं धुवायचं, ग्रीस भरायचं आणि पुन्हा जोडायचं. मशीन चांगलं चालतंय का वाईट, हा प्रश्नच नसतो. एक हंगाम चाललं ना, मग उघडा. रंगनाथची उभी हयात या नियमात गेली होती. घरच्या गाडीला दुसरा नियम लावायचा, हे त्याच्या डोक्यात शिरणं अवघडच होतं.

आजवर हा नियम त्याच्या जीपनं सोसला होता. लग्नाच्या नव्या नवलाईत त्यानं भिंगारच्या मिलिटरीच्या लिलावातून ती आणली होती. उन्हाळ्यात तिचं पाणी उकळायचं आणि पावसाळ्यात हूड गळायचं, म्हणून ती चालायची फक्त थंडीत. कारखान्यात उसाची पहिली मोळी पडली, की इकडे जीपपुढे नारळ फुटायचा. हंगाम संपला, की जीप बारदानावर. तिचा पट्टा पिठाच्या गिरणीचा होता, हुडाच्या कड्या बैलगाडीच्या होत्या, आणि तिनं कधी तक्रार केली नाही. मिलिटरीची गाडी, तिला किल्ली नव्हतीच. चोरीला जाऊ नये म्हणून रंगनाथनं डाव्या सीटच्या पायाशी एक गुपचूप बटण बसवलं होतं. ते खाली असलं तर गाडी काही केल्या सुरू व्हायची नाही. बटणाची जागा नवरा-बायको सोडून कुणाला माहीत नव्हती. चोरानं ही गाडी नेली तर त्याला ती ढकलतच न्यावी लागेल, त्यासाठी बटणाची काय गरज, असं जयमाला म्हणायची.

तिला म्हणण्याचा हक्क होता, कारण ढकलायची ती. संगमनेरपलीकडच्या अकोल्याला माहेरी जायचं, तर रंगनाथ आत, जयमाला मागं. घाट आला की ढकल, फाटक आलं की ढकल. माहेरच्या दारात पोचेपर्यंत साडीचा रंग कळेनासा व्हायचा. आणि दारात उभी असायची तिची भावजय, शुभांगी. कडक इस्त्रीची साडी, हातात पाण्याचा तांब्या. "आल्या का वन्सं, ढकलगाडीत बसून?" असं ती दर खेपेला, दर खेपेला हसून विचारायची, आणि अख्खी आळी हसायची. जयमालाला जीपचा राग नव्हता एवढा या वाक्याचा होता. माहेरात एकदा, फक्त एकदा, सगळ्या गावासमोर गाडीत बसून मिरवायचं, एवढीच तिची आयुष्याकडे मागणी उरली होती.

म्हणून तिनं हट्टानं मारुती घ्यायला लावली. "जीप म्हंजे जिरायत रान," ती म्हणाली, "मला आता बारमाही पायजे." आणि जीप विकायचं ठरलं. मिरजगावचा कानिफनाथ नावाचा व्यापारी ती सोमवारी न्यायला येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, अकोल्यात जयमालाच्या भाचीचं, म्हणजे शुभांगीच्या लेकीचं, निकिताचं लग्न. जयमाला लग्नघरी मदतीला एसटीनं पुढे गेली. रंगनाथनं लग्नादिवशी मारुती घेऊन यायचं होतं. निघताना ती दोन गोष्टी बजावून गेली. जीप उघडायची नाही, गिऱ्हाईक काही सुटे भाग पोत्यात भरून नेणार नाही. आणि मारुती फक्त पुसायची.

आता चैत्र उलटून गेलेला, कारखाना बंद, आणि फिटरच्या हाताला उघडायला काही नाही, ही अवस्था ज्याची त्यालाच कळते. रंगनाथनं मारुती पुसायला घेतली. पुसता पुसता दरवाजा जरासा कुरकुरला. त्यानं दरवाजा काढला. आत ग्रीस एवढंसं. त्यानं कारखान्यातला जोडीदार भीमा याला बोलावून दाखवलं. भीमाही फिटरच. तो हळहळला आणि म्हणाला, एवढ्या ग्रीसवर तर आपला मळीचा पंपसुद्धा फिरायचा नाही, मग इंजिनात काय परिस्थिती असेल. दोघांनी काळजीपोटी इंजिन उघडलं. आतून ते आरशासारखं स्वच्छ होतं. ते बघून दोघांना फार बरं वाटलं, आणि मग पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं.

बनुबाईंची वाटी पडली ती यानंतरच्या सकाळी. पण खरा हादरा दुपारी बसला. जोडायला घेतल्यावर कळलं की उघडताना इंजिनाच्या हेडखालचं, पाणी अडवणारं गॅस्केट फाटलंय. जीपच्या वेळी कारखान्यातल्या पत्र्याचा तुकडा कापला की भागायचं. तसाच तुकडा कापून त्यांनी मारुतीला बसवला, इंजिन फिरवलं, आणि सायलेन्सरमधून धुराऐवजी पाण्याची धार लागली. भीमानं धारेखाली हात धरला.

"पान्हवली," भीमा म्हणाला.

नगरच्या दुकानदारानं सांगितलं की माल पुण्याहून मागवावा लागेल, सोमवारी बघू. भाड्याची गाडी बघावी, तर त्या रविवारी लग्नाची अशी दाट तिथी होती की कॉलनीत धड टेम्पोही मोकळा नव्हता. त्यातच बनुबाई धावत आल्या. फोन त्यांच्याच घरी होता, आणि फोनवर जयमाला होती.

"गाडी पुसली का?"

"पुसली," रंगनाथ म्हणाला. "येकन् येक पार्ट पुसलाय."

जयमालाचा आवाज एकदम मऊ झाला. तिनं सांगितलं, की तिचा भाऊ राम यानं नवरदेवाकडच्यांना कळवलंय, नवरी सासरी जाईल ती आत्याच्या नव्या मारुतीतून. बॉनेटवर टाकायला फुलांची जाळीसुद्धा सांगितली. आणि नवरीबरोबर पाठराखीण म्हणून जयमालाच जाणार. "सारं गाव बघनार हाय. ह्या येळंला म्या बसून जानार," ती म्हणाली, आणि फोन ठेवताना चक्क हसली. बनुबाईंनी सगळं कान देऊन ऐकलं होतं. फोन खाली ठेवल्याबरोबर त्या वाटी घेऊन कॉलनीत पुढे गेल्या.

रविवारी सकाळी रंगनाथनं जीपवरची ताडपत्री काढली. वैशाखात जीप बाहेर काढणं म्हणजे कारखाना आखाडात पेटवण्यासारखंच होतं. निदान वाटेत ढकलायला लागू नये म्हणून त्यानं मारुतीची नवी बॅटरी जीपला बसवली. सीटखालचं बटण वर केलं, स्टार्टर दाबला, आणि जीप पहिल्या हाकेला उठली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रंगनाथ दचकून मागं सरकला. भीमा मागं पाण्याचे कॅन धरून बसला आणि दोघं निघाले. संगमनेर येईपर्यंत जीपनं निम्मी प्रवरा नदी पिऊन टाकली. तिनं वाफा सोडल्या, बोंबलली, पण एकदाही बंद पडली नाही.

मांडवाच्या दारात शुभांगी पाहुण्यांना अत्तर लावत होती. वळणावरून जीप आली, वाफेच्या ढगासकट, तशी तिचा अत्तराचा बोळा पाहुण्याच्या नाकात गेला. राम फुलांची जाळी हातात घेऊन तसाच उभा राहिला. आणि जयमाला, नवा कोरा शालू नेसलेली, पायरीवरून खाली आली. तिनं जीपकडे बघितलं. मग जीपच्या मागं बघितलं, मारुती मागून येत असेल म्हणून. मागं रस्ता मोकळा होता.

"गाडी कुठाय?"

रंगनाथनं वाटेत तीन-चार थापा घोकल्या होत्या. त्यातली एकही तोंडावर आली नाही. "उघडली," तो म्हणाला.

"काय उघडली?"

"मारुती."

"सगळी?"

रंगनाथनं थोडा विचार केला. "सीटा न्हाई उघडल्या," तो म्हणाला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा नुसता उतरत गेला, आणि रंगनाथला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण उघडू नये ते उघडलंय. पाठीमागून शुभांगी आली. तिचा धक्का ओसरला होता आणि हसू परत आलं होतं. "जाऊ द्या वन्सं," ती सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमास्नी सवय हाय. मागनं तुमी हायच ढकलायला." बायका हसल्या. जयमालाही थोडी हसली. ते हसणं कसलं होतं ते रंगनाथला कळलं नाही.

लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. दुसरी गाडी नव्हती, तेव्हा जीपलाच फुलांची जाळी बांधली. बॉनेट उन्हानं इतकं तापलं होतं की निशिगंध जागेवरच शिजला. नवरा-नवरी मागं बसले. त्यांच्या घरची एक रीत होती. पाठराखिणीनं हातात शकुनाचा दिवा घेऊन गाडीत बसायचं, आणि वेस ओलांडेपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही. जयमाला पुढं, डाव्या सीटवर, दिवा घेऊन बसली. शुभांगीनं लेकीच्या गळ्यात पडून रडून घेतलं, नाक पुसलं आणि निरोपाचा हात वर केला.

रंगनाथनं स्टार्टर दाबला. जीप नुसती खाकरली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. नवी बॅटरी, गार झालेलं इंजिन, सकाळी पहिल्या हाकेला उठलेली गाडी, आता हिला झालं काय? नवरदेवाकडची माणसं घड्याळं बघायला लागली.

"ढकलाया लागंल," जयमाला शांतपणे म्हणाली. "मला काय उतरता येनार न्हाई. हातात दिवा हाय."

रीत ती रीत. नवरदेवाला उतरवायचं नाही, त्याच्या वऱ्हाडाला हात लावू द्यायचा नाही, पाठराखिणीनं उतरायचं नाही. निम्मे पुरुष जेवून पांगले होते. भीमा पुढे झाला, रामनं धोतर खोचलं, बँडवाल्यानं ढोल खाली ठेवला. तरी जीप हलेना. शेवटी रामनं बायकोकडे बघितलं. शुभांगीनं आजूबाजूला बघितलं, पण आता सगळं गाव तिच्याकडेच बघत होतं. तिनं भरजरी पदर कमरेला खोचला आणि जीपला हात लावला. पोरीला सासरी घालवताना आई रडते हे गावानं पुष्कळदा पाहिलं होतं. पण आई तिला ढकलत नेते, हे अकोल्यात पहिल्यांदाच घडत होतं. धुळीचा लोट उठला. बँडवाल्यांतले उरलेले, काय वाजवावं ते न सुचून, वाजवतच राहिले.

रंगनाथ घाबराघुबरा होऊन इकडेतिकडे बघत होता. वायर निसटली का म्हणून तो खाली वाकला, आणि वाकलेला तसाच राहिला. डाव्या सीटच्या पायाशी ते गुपचूप बटण होतं. ते खाली होतं, आणि त्यावर जयमालाचा जोडव्यांचा पाय निवांत टेकलेला होता.

त्यानं आ वासून बायकोकडे बघितलं आणि बटणाकडे हात नेला. तिनं पाय जरा घट्ट दाबला.

"ऱ्हाऊ द्या," ती दिव्याच्या ज्योतीकडे बघत हळूच म्हणाली. "येशीपतुर."

मग ती मागं वळली. शुभांगीच्या शालूचा रंग कळेनासा झाला होता. "वैनी," जयमालानं मायेनं हाक मारली, "जरा नेट लावा."

अख्खी आळी हसली. रंगनाथनं स्टीअरिंग धरलं आणि गाडी सरळ ठेवली. चावडी गेली, बाजार गेला, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी राहिली. जयमाला ताठ बसली होती आणि ओळखीचं माणूस दिसलं की मान झुकवत होती. वेस आली तशी तिनं पाय उचलला आणि अंगठ्यानं बटण वर केलं. जीप एकदम गरजून सुरू झाली. मागं शुभांगी तोल सावरत, हातावरच्या धुळीकडे बघत उभी राहिली.

बरंच अंतर गेल्यावर रंगनाथनं गिअर बदलला. "मारुती जोडतो म्या," तो म्हणाला.

"जोडा. आन् येक बी नट उरला तर घरात पाऊल ठिवू नगा."

"बरं. आन् उद्या कानिफनाथ येनार हाय, जीप न्यायाला."

जयमालानं वाऱ्यानं फडफडणाऱ्या ज्योतीला पदराचा आडोसा केला. "त्येला म्हनावं, न्हाई गावायची," ती म्हणाली. "हिचा हंगाम आत्ता कुठं सुरू झालाय."