शिंदीची फरशी

जीवरामच्या देवपुरातल्या शेडच्या दारात आठ दिवस फरशी अंथरलेली होती आणि तिच्यावर एक ओरखडा नव्हता. जळगावहून तपासणीला आलेले भूषण साहेब भिंगातून पाहून थक्क झाले. जीवराम त्यांच्याहून जास्त.

केरसुण्या बांधणारे शिंदीची पानं ठेवतात, बुडखे फेकतात. ते बुडखे कुटून, तापवून, दाबून त्याने ही फरशी केली होती. साहेबांच्या नव्या कार्यालयाला चार हजार हव्या होत्या. जीवरामची ही पहिलीच ऑर्डर. अट एवढीच, की आठ दिवस पायाखाली घालून झीज मोजायची. शेडमध्ये बारा बाया. झीज व्हायलाच हवी होती.

"झीज शून्य," साहेबांनी लिहिलं. "कशाची करता हो?"

"वनस्पतिजन्य तंतू," जीवरामने माहितीपत्रकातला शब्द काढला.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. बायांतल्या कोकिळाने खिडकीखाली स्टूल ठेवलं आणि ती खिडकीतून बाहेर उतरली. मागोमाग दुसरी, तिसरी. हे स्टूल रोज खिडकीखाली जातं कसं, हे कोडं जीवरामला आठ दिवस सुटलं नव्हतं. तो स्वतः घराच्या आतल्या दाराने येई.

"अक्का, दार सोडीसन खिडकी कसाले?" जीवरामने विचारलं.

साठीच्या धुरपदाबाई खिडकीत अर्ध्या अडकल्या होत्या. तिथूनच त्या कडाडल्या, "शिंदीनी शे ना ती! केरसुणी बी तिनीच व्हस. लक्ष्मीवर पाय कसा देवाना?"

"मंग सांगं का नही?"

"तू इचारं का?"

भूषण साहेबांनी खाली पाहिलं. ते बुटांसकट फरशीवर उभे होते. एका उडीत ते बाजूला झाले, वाकून फरशीला हात लावला, तो कपाळाला लावला. मग 'शून्य' खोडलं.

"साहेब, शहरात कोणी मानत नाही असलं."

"मग तुम्ही चालून दाखवा."

जीवरामने पाय उचलला. दर दिवाळीला आई केरसुणीला हळदकुंकू वाहते, ते नेमकं आत्ताच आठवलं. पाय होता तिथेच खाली आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी भूषण साहेबांचा फोन आला. "जीवरामभाऊ, जमिनीला फरशी नको."

जीवरामने ऑर्डरची वही मिटली.

"जिन्याच्या कोपऱ्यांत लावू. देवांचे फोटो लावून पाहिले, लोक फोटो चुकवून थुंकतात. फक्त एक करा, शिंदीची आहे हे प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात लिहा."

"किती लागतील?"

"सात मजले आहेत. चार हजार पुरतील असं वाटत नाही."

बाया बाहेर निंबाखाली भाकरी खात बसल्या होत्या. ही बातमी द्यायला जीवराम दाराकडे धावला, फरशीपाशी थबकला, आणि मुकाट्याने स्टूल शोधू लागला.