द्वारकीच्या दोन दाखल्यांची हकीकत

श्रीनारायणास नमन, वीणेच्या तारेस नमन, आणि बुवा गळा साफ करितात तोवर जी घटकाभर शांतता मिळते तीसही नमन. श्रोतेहो, पुढे सरका. मागे खांबास टेकून बसणाऱ्यांस डुलकी लागते आणि मग हकीकत अर्धीच घरी जाते. जवळ बसा, म्हणजे एका मुलीस आधी बिघडावे लागले आणि मग सुधारावे लागले, आणि दोन्हीस शिक्का कसा लागला, ते सांगण्यात येईल.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणमासी, एका राज्यी श्रीमंतांची स्वारी बाजारातून जात असता चावडीच्या कट्ट्यावर पंचवीस-तीस तरुण रिकामे बसलेले दृष्टीस पडले. श्रीमंत कळवळले. "ही लेकरे वाया जातील," ऐसे बोलले आणि डोळ्यांस रुमाल लाविला, आणि मग मसलत बसली, आणि मुख्य कारभारी दौलतराव यांणी तरुणोद्धारशाळा उभी केली. तीत पंप आणि मोटारी दुरुस्त करण्याची विद्या शिकवावी, आणि जे तरतील त्यांस राजधानीच्या थोरल्या विद्यालयी जागा द्यावी, ऐसा ठराव जाहला. शाळेस कमान केली, कमानीवर श्रीमंतांची तसबीर लाविली, तसबिरीभोवती दिवे लाविले. शिकविणारा मिस्त्री नेमावयाचा तेवढा राहिला. आणि राज्याची कृपा चुकून चांगल्या मुलांवर सांडू नये म्हणोन नियम केला, की ज्यास शाळेत शिरणे असेल त्याणे आपण बिघडण्याच्या बेतात असल्याचा दाखला कोतवालीतून आणावा.

त्या गावी द्वारकी नामे सतरा वर्षांची मुलगी होती. बाप खाणीत दरडीखाली गेला, आई गिरणीत पोती शिवी, आणि द्वारकीची शाळा आठवीतच सुटली. परंतु गल्लीतला पंप अडला की बाया तिलाच हाक मारीत, आणि तिचा हात लागताच पंप गुमान पाणी ओढी. मामाने माघात तिचे लग्न योजिले होते, नवरा चाळिशीपारचा. शाळेत नाव लागले तर आईस भावापुढे नाही म्हणावयास तोंड होते, न लागले तर नव्हते. ऐसा प्रसंग. मग द्वारकी कोतवालीत गेली. तेथे दफ्तरदार अंताजीपंत बैसले होते.

"चोरी केलीस?" पंतांनी पुसले.

"नाही जी."

"मारामारी? दारू? गांजा? निदान तंबाखू?"

"मिसरी लावते कधी कधी."

"मिसरीने काय होतंय? कोणाबरोबर पळून गेली होतीस?"

"कुठं पळू, पंत? पाण्याची पाळी माझी असते."

"मग बाई, तुला धोका तरी कसला?"

"शाळा मिळाली नाही तर माघात लग्न लावतील माझं."

"लग्न मंगलकार्य आहे," पंत म्हणाले. "धोक्यात बसत नाही. घरी जा. नीट बिघड आणि मग ये."

द्वारकी उंबऱ्यापर्यंत गेली. घरी जावे तर मामा ओसरीवर बसलेला. मग तिणे मनात देवाची क्षमा मागितली, माघारी फिरली, आणि पंतांचा पितळी पानडबा उचलून ओढणीखाली घातला.

"हे काय?"

"चोरी. लिहा."

पंतांस परमानंद जाहला. "एवढी अक्कल होती तर मघाशीच नाही का उचलायचा? माझा खोळंबा केलास!" ऐसे बोलून त्यांणी डबा परत घेतला, विडा लाविला, आणि दाखला लिहिला, की द्वारकीने भरदिवसा, दफ्तरदारांदेखत, पानडबा चोरिला, सबब बिघडण्यास उत्तम प्रारंभ आहे.

ऐशा रीतीने द्वारकी शाळेत दाखल जाहली. तेथे पहिले तीन महिने पाहुणे आले असता कसे उठावे, गुच्छ कोणत्या हाताने द्यावा आणि टाळ्या केव्हा थांबवाव्या, ही विद्या शिकविली. मोटारी चादरीखाली होत्या आणि त्यांवर फीत बांधिली होती, ती श्रीमंतांनी कापावयाची, आणि श्रीमंतांस वेळ नव्हता. मग कोणाच्या ध्यानी आले की मिस्त्री नाही, तेव्हा कोंडाजी मिस्त्री यांस नेमिले. हे साठीचे गृहस्थ, देवळात कीर्तनास मृदंग धरीत. आले ते पत्रा कापावयाच्या कात्रीने त्यांणी फीत कापिली आणि चादर ओढिली. दौलतरावांचा कारकून ओरडला, "अहो, मुहूर्त!" तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मोटार गंजली की मुहूर्तानं फिरत नाही, साहेब." आणि मग मुले कामास लागली. द्वारकीस ते म्हणत, "आधी हात लावू नकोस. कान लाव. ऐक, बेअरिंग कसं रडतंय. ज्याचं रडणं ऐकू येतं, ते दुरुस्त होतं." वर्ष सरले आणि परीक्षेत द्वारकी पहिली आली, आणि थोरल्या विद्यालयाचे पत्र आले की जागा ठेविली आहे, उद्या सायंकाळपर्यंत हजर व्हावे, येताना कोतवालीतून सद्वर्तनाचा दाखला आणावा.

सकाळीच ती पंतांपुढे उभी राहिली. मागे मिस्त्री होते. पंतांनी दफ्तर काढिले, चाळिले, आणि चष्मा कपाळावर नेला.

"अगं, तू तर चोर!"

"पंत, तुम्हीच तर लिहिलंत!"

"लिहिलं मी. केलंस तू."

"मग खोडा ना आता."

"हे दफ्तर आहे, शाळेची पाटी नव्हे. चोरी झाली म्हणजे झाली, ती कोणीतरी केलेलीच पाहिजे. पुरावा आला तर चोर बदलतो. चोरी जात नाही."

एका वर्षाने का होईना, मामाचा माघ आलाच होता. तोच मिस्त्री पुढे जाहले.

"मग बदला की. माझं नाव घाला."

"काका, नका हो!"

"तू गप बस. मोठी माणसं बोलतायत."

पंत खालच्या आवाजात बोलले, "कोंडाजी, डाग लागलेला माणूस शाळेवर ठेवत नाहीत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. कबुली देतो, लिहून घ्या. बाराची गाडी आहे पोरीची."

पानडबा चोरीस गेला त्या दिवशी कोंडाजी पाच कोसांवर एका विहिरीत पंप उतरवीत होते, हे पंतांस ठाऊक होते, परंतु नियमास ठाऊक नव्हते. पंतांचा हात क्षणभर थांबला, कारण तेही कीर्तनास येत. मग नियम आठवला आणि हात चालला, चोर बदलला, आणि द्वारकीच्या सद्वर्तनाच्या दाखल्यास शिक्का लागला. द्वारकी मिस्त्रींच्या पाया पडली, आणि ते म्हणाले, "पाया काय पडतेस? पळ!" आणि ती पळाली.

सायंकाळी कोंडाजींस शाळेतून दूर केले. आठवड्याने दरबार भरला, आणि बिघडलेली मुलगी सुधारिली म्हणोन दौलतरावांस शालजोडी दिली, आणि श्रीमंतांनी पुन्हा डोळ्यांस रुमाल लाविला. मोटारींवर चादर आली आणि मुले टाळ्यांच्या विद्येस लागली. कोंडाजींनी, आता आपलेही वाया जाण्याचे भय आहे, सबब शाळेत विद्यार्थी म्हणोन तरी घ्यावे, ऐसा अर्ज केला. तो वय अधिक म्हणोन फेटाळिला. द्वारकी थोरल्या विद्यालयी दुसऱ्या वर्षास पोहोचली, आणि आईने भावास दारातूनच नाही म्हटले.

सारांश, राज्याची कीर्ती वाचली, नियम वाचला, आणि एक मुलगीही वाचली, ही शेवटची गोष्ट राज्याच्या नकळत जाहली. श्रोतेहो, आता आरतीस उठाल, तेव्हा कोंडाजी मिस्त्रींची आठवण ठेवा. एकवार त्यांचे नाव देवाच्या कानी घाला. कोतवालीच्या चोरांच्या यादीखेरीज ते कोठे लिहिलेले नाही.