डाव्या हाताची मूठ

आमच्या घरात सहीपलीकडे काही लिहिणारा मी पहिलाच. त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसणं मला आगाऊपणाचं वाटतं. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते डोमाजीभाऊ तर हा कागद उजेडात धरून आधी विचारतील, "यात खोडलं किती?" बरंच खोडलं आहे. तेवढं माफ करावं.

कुठल्याही वस्तूत मूळचं काय आणि मागून बदललेलं काय, हे शोधायचं भाऊंना वेड आहे. त्यांची सारी नोकरी वनखात्यात, अहेरीकडच्या जंगलात गेली. आता ते ब्रह्मपुरीत राहतात. मी पोंभुर्ण्याकडचा. कॉलेजसाठी इथे आलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझा मोबाईल हातात घेतला, कडेने नख फिरवलं आणि म्हणाले, "काच दुसरी हाये. मूळचं नाई, त मोल नाई."

हे त्यांचं वाक्य साऱ्या गल्लीला पाठ आहे. एकदा पानठेल्यावाल्याने विचारलं, भाऊ, तुमची बत्तीशी तरी मूळची हाये का? भाऊंनी कवळी नीट बसवली आणि शांतपणे म्हणाले, "नाई. म्हणून त फुकट बोलून राह्यलो."

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची परवान्याची जुनी हत्यारं आहेत, असे लोक आसपासच्या जिल्ह्यांतून त्यांच्याकडे किंमत ठरवायला येतात. भाऊ हत्यार आधी हुंगतात, मग कानाशी धरून त्याचं गोळ्यांचं चक्र फिरवतात. एका जुन्या मालगुजाराच्या नातवाने आज्याच्या रिव्हॉल्व्हरची नळी कापून घेतली होती आणि वर चकचकीत मुलामा चढवला होता. भाऊंनी ते बराच वेळ पाहिलं. "बापू, आज्याचे दात पाडून सोन्याचे बसवले तुम्ही. आता आज्या हासते चांगला, पन चावत नाई." नातू रागावून गेला. पण दुसरीकडेही त्याला भाऊंइतकाच पडता भाव सांगितला गेला म्हणे.

त्यांचा आणखी एक नेम आहे. घेणाऱ्याने पाहायच्या आधी विकणाऱ्याने वस्तूला हात लावायचा नाही. साधं पुसायचंही नाही. ती लबाडी.

खुद्द भाऊंचं रिव्हॉल्व्हर मात्र गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं. ते वडिलांकडून आलेलं, विलायती. निवडणूक लागली की ते ठाण्यात जमा करावं लागतं. मग आचारसंहिता संपेपर्यंत भाऊ रोज तिकडे चक्कर मारत. दवाखान्यात भरती केलेल्या माणसाला भेटायला जावं तसे. शेवटी ठाणेवाल्यांनी त्यांच्यासाठी एक खुर्चीच ठरवून टाकली.

मागच्या वर्षी शेवंताबाईंना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, लकवा मारला. डावी बाजू गेली. बाई जन्माच्या डावखुऱ्या. जेवणखाण, शिवणटिपण सगळं त्याच हाताने. हात थोडा हलू लागला, पण मूठ वळेना. डॉक्टरांनी रबरी चेंडू धरायला दिला, तो त्या सोडून देत. माझ्या खोलीच्या दारातून तो कितीदा तरी घरंगळत आला असेल.

त्याच सुमारास भाऊंचे हातही थरथरू लागले. थरथरत्या हातात हत्यार शोभत नाही म्हणून त्यांनी स्वतःच ते विकायचं ठरवलं. चंद्रपूरचे एक डॉक्टर जुन्या हत्यारांचे शौकीन. सरकारी परवानगी वगैरे करून ते आले.

फडकं उलगडलं तेव्हा मीही तिथे होतो. रिव्हॉल्व्हर जुनं, काळंशार, पण मूठ सागवानाची. हाताने कोरलेली, बारीक, बोटांसाठी खाचा पाडलेली. मूळचं नाई, त मोल नाई म्हणणाऱ्या माणसाच्या घरात ही वस्तू! मी भाऊंकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

डॉक्टर मात्र खूश झाले. मूळ मुठीची खूप पाहिली, असली एकच, हिच्यामुळे तर मी दोन पैसे जास्त देईन, असं म्हणाले. त्यावर भाऊंनी आपल्याच मालाची निंदा सुरू केली. लाकूड हलकं आहे, उन्हात तडकेल, कोरणारा अडाणी होता. मूठ काढून इथे ठेवा आणि भाव उतरवा.

"मी जास्त देतो म्हणतोय, भाऊ."

"मी कमी द्या म्हणून राह्यलो, त तुमी जास्ती काऊन देता जी?"

डॉक्टरांनी मूठ उजव्या हातात धरून पाहिली. बसेना. मग डाव्यात घेतली. खाचा जुळल्या, पण त्यांची बोटं मोठी पडली. त्यांनी एकदा आत खाटेवर निजलेल्या बाईंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग मूठ काढायला माझ्याकडे पेचकस मागितला.

ते गेल्यावर भाऊ सांगू लागले. जंगलातल्या क्वार्टरवर ते गस्तीला गेले की बाई एकट्या असत. मूळची मूठ त्यांच्या हातात मावत नसे, म्हणून भाऊंनी स्वतः त्यांच्या बोटांच्या मापाने ही कोरली. "तिनं एक गोळी नाई झाडली कधी. पन धरे अशी, का मलेच भेव वाटे." एवढं सांगून त्यांनी काढलेल्या मुठीचे ते दोन लाकडी तुकडे दोऱ्याने गुंडाळून एक केले आणि बाईंच्या डाव्या तळव्यात ठेवले. ते खाली पडले. भाऊंनी उचलून पुन्हा ठेवले.

परीक्षा संपून मी गावी गेलो, तेव्हाही ते तुकडे बाईंच्या हातातून रोज पडतच होते.

गावात रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर मिळते. एका संध्याकाळी तिथे गेलो तर भाऊंचे कितीतरी फोन येऊन गेलेले. घाबरतच उलट लावला. आधी ते माझ्यावरच घसरले. खोलीचं कुलूप मी न विचारता बदललं होतं. मग मुद्द्यावर आले.

"बाबू, आज तिनं मूठ सोडली नाई. मी वढून पाह्यली, तरी सोडली नाई."