निळ्या ड्रेसची नक्कल

"मी घातलेला टाका आजवर कधी उसवलेला नाही," थोरली जाऊ धाकटीला म्हणाली. "दुकानातला कुठलाही कपडा एकदा नीट बघितला, की घरी हुबेहूब उतरवते. त्या काचेतल्या निळ्या ड्रेसचं काय घेऊन बसलीस?"

धाकटी ऑफिसला निघाली होती. ऑफिसच्या समारंभाला तिला तो निळा ड्रेस हवा होता, आणि तोही विकतचा. "राग मानू नका ताई, पण तुम्ही शिवलेलं लगेच कळतं. खांदे कसे कुणीतरी मागून ओढल्यासारखे."

सासूबाई याच क्षणाची वाट बघत होत्या. त्यांची आरामखुर्ची खिडकीपाशी मावत नव्हती, कारण तिथे थोरलीचं शिलाई मशीन ठाण मांडून होतं. "असं कर," त्या म्हणाल्या. "परवापर्यंत तसाच ड्रेस शिवून दाखव. जमला तर मशीन तिथेच. नाही जमला तर माळ्यावर."

"परवा कशाला? आज संध्याकाळीच दाखवते."

जीभ चावायला थोरलीला तेव्हाच सुचलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

सासूबाई आंघोळीला गेल्यावर थोरलीनं आदल्याच दिवशी पूर्ण केलेला, घरात अजून कुणी न पाहिलेला हिरवा टॉप चढवला. घराची किल्ली त्याच्या चोरखिशात टाकली आणि दुकान गाठलं. तिच्या मापाचा निळा ड्रेस एकच उरला होता. तो उचलून ती ट्रायल रूममध्ये शिरली. टॉप काढला. खुंटी एकच, तिच्यावर निळा ड्रेस; म्हणून टॉप दारावर टाकला. पर्समधून वर्तमानपत्र, टेप आणि खडू निघाले. टाचण्या त्यांच्या नेहमीच्या जागी गेल्या, म्हणजे ओठांत. ड्रेस उलटा करून तिनं कॉलरवर कागद टाचला, खांद्यावर खडूची रेघ मारली. सगळं झकास चाललं होतं.

टकटक झाली. "मॅडम, दारावरचा हा नकोय ना?"

तोंड उघडावं तर टाचण्या पोटात. न उघडावं तर टॉप हातचा जाणार. ती नुसती "म्म्" करत राहिली आणि टॉप दारावरून सुळकन पलीकडे गेला.

"बरं, ठेवते जागेवर," दुकानातली मुलगी म्हणाली.

टाचण्या हातावर काढून, ड्रेस सुलटा करून अंगात घालेपर्यंत उशीर झाला होता. टॉप स्टँडवर लागला होता, तोही पहिल्या ओळीत. आणि त्याच्यासमोर धाकटी उभी होती. जेवणाच्या सुट्टीत निळा ड्रेस घ्यायला आली होती.

"निळा कुणीतरी आत नेलाय," मुलगी तिला सांगत होती. "हा बघा ना. नवीनच आलेला दिसतोय. किमतीची चिठ्ठी पडलीय वाटतं, विचारून येते."

थोरली एका पुतळ्याच्या मागे सरकली. पुढे जावं, तर धाकटी अंगावरचा निळा ड्रेस बघणार आणि मशीन माळ्यावर. न जावं, तर टॉप गेला, आणि टॉपबरोबर किल्ली. धाकटीनं मान वळवली तशी थोरलीनं एक हात कमरेवर ठेवला आणि श्वास रोखला. एक बाई आली, थोरलीच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघितलं, "जाड आहे," म्हणाली आणि निघून गेली.

धाकटी हिरवा टॉप विकत घेऊन गेली. खडूच्या रेघा ओढलेला ड्रेस परत कोण घेणार? थोरलीनं तो मुकाट्यानं विकत घेतला आणि संध्याकाळपर्यंत बागेतल्या बाकावर बसून राहिली.

"मैत्रिणीच्या मशीनवर शिवला," घरी येताच तिनं सांगून टाकलं. "बघा, आहे की नाही तसाच?"

सासूबाईंनी चष्मा चढवला. "खडूसुद्धा पुसलेला नाहीये. कॉलरमध्ये टाचणी तशीच. आणि खांदे ओढतायत."

"मी म्हणत नव्हते?" धाकटी आतून हिरवा टॉप घालून आली. "हे बघा ताई. याला म्हणतात फिनिशिंग."

"वा," सासूबाई म्हणाल्या. "दुकानातलं ते दुकानातलं. शिडी आण गं."

धाकटीनं शिडी लावली. खरं बोलावं तर दिवसभराच्या उद्योगाची शोभा होणार, न बोलावं तर मशीन गेलं. थोरलीनं मशीनकडे एकदा बघितलं.

"तो टॉप माझा आहे," ती म्हणाली. "मी शिवलाय."

"निळा तुम्ही शिवला, हिरवाही तुम्हीच शिवला," धाकटी हसली. "मग दुकानवाले काय करतात?"

"डाव्या शिवणीच्या आत हात घाल. चोरखिसा आहे. त्यात आपल्या घराची किल्ली आहे."

धाकटीनं हात घातला. किल्ली निघाली. तिनं ती दाराला लावून बघितली, मग काढून पुन्हा एकदा लावून बघितली. थोरलीनं ट्रायल रूमपासून बागेतल्या बाकापर्यंत सगळं सांगितलं. सासूबाईंनी चष्मा पुसला.

"मशीन राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि मला असाच एक शिव. शिडी ठेवून दे गं."

थोरली मशीनला हात टेकून उभी राहिली. धाकटीनं शिडी उचलायला दोन्ही हात वर केले. हिरव्या टॉपची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली.