चौदा निनावी पेपर

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी माणसाचं तोंड पाहून वागणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली. अनुराधा साळवे टीचर पुढच्या बाकावर बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. तारनाक्याला घरी पोचल्यावर पदर खोचत त्या म्हणाल्या, "आज बऱ्याच जणांना लागलं असेल हो!"

"मला तर वाटलं, तुझ्यावरच बोलतायत," यशवंतराव बूट काढत म्हणाले.

झालं! वीस वर्षं जामबागच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला हे ऐकावं लागावं? त्यांनी निबंधाच्या पेपरांचा गठ्ठा नवऱ्यापुढे आदळला. तेलुगू मुलखातली शाळा; सातवीत मराठी घेणारी मुलं अवघी चौदा.

"यावरची नावं मला दिसता कामा नयेत, अशी सोय करा. मग बघू कोण तोंड बघतं ते!"

यशवंतराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. सांगितलेलं काम ते पुरतं तडीस नेत. टीचरांनी संध्याकाळपर्यंत पेपर तपासले, समाधानाने चष्मा काढला आणि म्हणाल्या, "द्या आता नावं."

"कसली नावं? कातरीने कापली, बारीक तुकडे केले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकली. आता कुणाच्या बापाला दिसायची नाहीत."

टीचर खिडकीकडे धावल्या; गाडी कधीच गेली होती. उद्या दहा वाजता पालकांचा कार्यक्रम होता. पहिला आलेला निबंध ज्याचा, त्याने तो स्टेजवर वाचायचा, आणि ते नाव प्रिन्सिपलबाईंना सकाळी सातलाच हवं होतं.

"मुलांनाच विचार की."

"काही नको! माझी मुलं मला कळत नाहीत होय?"

अक्षरावरून ओळखायची सोय नव्हती. तेलुगू गिरवून आलेली ती मुलं, सगळ्यांची अक्षरं सारखीच गोल. पण 'माझे शेजारी' या निबंधात एक पेपर असा होता की वाचताना टीचरांचे डोळे भरून आले होते. शेजारच्या आजारी चाचीसाठी पहाटे नळावरून चार बादल्या पाणी भरायचं आणि त्यापायी रोज शाळेला उशीर व्हायचा, असं लिहिलेलं. वीसपैकी एकोणीस!

"ही ऋचाच! चर्चच्या गायनमंडळातली पोर, काय मन आहे!"

"ऋचा आपल्याच बिल्डिंगमध्ये राहते ना? इथे चोवीस तास पाणी आहे. आणि ती कधी उशिरा जाते?"

"अहो, निबंधात थोडी कल्पना चालते."

सगळ्यात वाईट पेपर, सात मार्कांचा, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांवर होता. टीचरांनी त्यावर बेधडक केतकीचं नाव घातलं. केतकी म्हणजे शेवटचा बाक, विस्कटलेल्या वेण्या आणि रोजचा उशीर.

"तिच्या काचीगुड्याच्या दोन खोल्यांत लिफ्ट कुठली गं?"

"थापा मारायची सवयच आहे मेलीला!"

बाकीचे बारा पेपर असेच चुटकीसरशी वाटले गेले. ऋचाच्या आईला फोन गेला. त्या माउलीने लगोलग नातेवाइकांना बोलावणं धाडलं.

सकाळी सातला प्रिन्सिपलबाईंना नाव गेलं आणि पहिल्या तासाला पेपर वाटले. क्षणात वर्गात बाजार भरला.

"टीचर, ये मेरा नै है!"

"टीचर, माझा सारंगकडे गेलाय!"

अकरा पेपर चुकले होते. आणि ऋचा हळूच उठून म्हणाली, "टीचर, हे माझं नाही. माझ्यात लिफ्ट होती."

शेवटच्या बाकावरून केतकी ओरडली, "चाचीवाला मेरा है ना टीचर!"

टीचरांनी ऋचाच्या हातातला तो पेपर घेतला. याच पाण्याच्या बादल्यांपायी त्यांनी या पोरीला आठवड्यातून चार दिवस दाराबाहेर उभं केलं होतं. कारण मात्र एकदाही विचारलं नव्हतं. बाहेर हॉलमध्ये पहिल्या रांगेत ऋचाचे नऊ नातेवाईक आधीच येऊन बसले होते. ऋचाच्याच हातात हा कागद दिला तर बाहेर कुणाला कळणार? एक क्षण, अगदी एकच क्षण, तोही विचार आला. त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या तडक शेवटच्या बाकाशी गेल्या.

"केतकी, चुकलं माझं. लई चुकलं. तूच वाचायचंस."

"सच्ची? पण माझ्या वेण्या..."

"मी घालते." आणि भर वर्गात टीचरांनी तिच्या वेण्या घातल्या. मग जाऊन प्रिन्सिपलबाईंची बोलणीही खाल्ली.

केतकी अडखळत वाचत होती, लोक डोळे पुसत होते. विंगेत टीचर ऋचाला शोधत आल्या. पोर रडत असणार, तिची समजूत घालायला हवी. ऋचा मस्तपैकी चिक्की खात होती.

"बाळ, वाईट वाटलं ना?"

"नाही टीचर! मला स्टेजवर पोटात कळा येतात. तिसरीपासून दरवर्षी येतात."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही फक्त नाव सांगायचात."

टीचर तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. आज दोघींची माफी मागायची होती तर! त्यांनी विचारलं, "बरं, तुला काय करायला आवडेल?"

"पडदा ओढायला!"

टीचरांनी दोरी तिच्या हातात दिली. केतकीनंतर प्रिन्सिपलबाई चार शब्द बोलायला उभ्या राहिल्या आणि वीस मिनिटं झाली तरी थांबेनात. तेव्हा ऋचाने सर्व शक्तीनिशी दोरी ओढली. पडदा सर्रकन बंद झाला आणि त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या.