विहीर नोंद उपकेंद्रातला कायमचा मंगळवार

डोंगरकडा येथील विहीर नोंद उपकेंद्रात एकच संगणक होता आणि खंडेनवमीला त्याची रीतसर पूजा झाली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, उदबत्ती असे सर्व साहित्य उपलब्ध होते. शिपाई बंडू यांनी नारळ संगणकावर न फोडता शेजारच्या खिडकीच्या दगडी चौकटीवर फोडला. नारळाचे पाणी मात्र कोणाच्याही आदेशाशिवाय जाळीतून संगणकाच्या आत गेले. दसऱ्याची सुट्टी संपवून सर्व कर्मचारी कामावर रुजू झाले. संगणक झाला नाही.

या संगणकाला इंटरनेट कधीच जोडलेले नव्हते. त्यात ‘कूपदर्शन’ नावाचा प्रोग्राम होता आणि तो फक्त एक्सपी या जुन्या प्रणालीवर चालायचा. ज्या गृहस्थाने तो तयार केला त्याची बदली झाली होती, आणि कुठे झाली ही नोंदही त्याच संगणकात होती. अमुक शेतात विहीर खरोखर आहे, असा दाखला फक्त कूपदर्शनमधूनच निघत असे. हाताने लिहिलेला दाखला चालत नव्हता, कारण हाताने माणूस काहीही लिहू शकतो.

पहिल्याच दिवशी सखुबाई आल्या. त्यांनी उन्हाळ्यात विहीर खणली होती, तिला पाणीही लागले होते. दोन एकर हळद उभी होती आणि पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते. मोटार आणून ठेवलेली होती. पण दाखल्याशिवाय वीजजोडणी मिळत नव्हती.

“कॉम्प्युटर बंद हाय, बाई,” वरिष्ठ लिपिक किशनराव म्हणाले.

“विहीर तर चालू हाय ना.”

“विहिरीचं आमच्याकडं नसतं. आमच्याकडं विहिरीच्या नोंदीचं असतं.”

“साहेब, हळद पिवळी पडून राहिली.”

“हळद पिवळीच असती, बाई,” किशनराव समजुतीच्या सुरात म्हणाले.

उपकेंद्राच्या प्रमुख नीलांबरी मॅडम स्पर्धा परीक्षा देऊन आलेल्या होत्या आणि त्यांना नियम पाठ होते. त्यांनी हिंगोलीहून संगणक दुरुस्त करणारे ओमप्रकाश यांना बोलावले. ओमप्रकाशांनी कॅबिनेट उघडले, पाण्यासोबत आत गेलेली खोबऱ्याची कपची बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि निदान सांगितले.

“मॅडम, हार्ड डिस्क गेली. दुसरी टाकून देतो. पण एक्सपीची सीडी लागंल, कंपनीची. कुठं हाय?”

सीडी बंडूंच्या शेतात होती. अभिलेख कक्षाची सफाई झाली तेव्हा निरुपयोगी वाटलेल्या तेरा सीड्या बंडूंनी नेऊन पाखरे हाकायला ज्वारीत टांगल्या होत्या. त्यांतली एक शासकीय कामासाठी आवश्यक ठरल्याने सर्व कार्यालय शेतात गेले. पंचनामा झाला. प्रत्येक सीडी दोरीवरून सोडवताना तिची दिशा, उंची आणि त्या वेळी ज्वारीवर बसलेल्या पाखरांची संख्या लिहून घेण्यात आली. अकरावी सीडी एक्सपीची निघाली. बंडूंनी ती धोतराला पुसून दिली आणि म्हणाले, “हीच चांगली होती. हिला चिमण्या लई भ्यायच्या.”

ओमप्रकाशांनी सीडी लावली. निळा पडदा आला, टक्केवारी पुढे सरकू लागली, आणि मग संगणकाने पंचवीस अक्षरांची किल्ली मागितली. ही किल्ली कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर असते. त्या कागदावर गेली वीस-बावीस वर्षे खंडेनवमीचे हळदकुंकू लागत आले होते. ओल्या बोळ्याने ते काढल्यावर चोवीस अक्षरे स्पष्ट दिसली. एकोणिसावे अक्षर इंग्रजी बी होते की आठ, हे कळेना.

“दोन मिनटाचं काम हाय,” ओमप्रकाश म्हणाले. “पहले आठ टाकू. नाही झालं तर बी.”

“कशाच्या आधारे?” मॅडमनी विचारले.

“आधार कशाला? दोनच तर हायेत.”

“उद्या कोणी विचारलं की आठ का टाकला, तर मी काय सांगू? सहज टाकला?”

ओमप्रकाशांनी कीबोर्ड बाजूला सरकवला. अक्षर निश्चिती समिती स्थापन झाली. मॅडम अध्यक्ष, किशनराव सचिव आणि जनतेचे प्रतिनिधी म्हणून, त्या वेळी दारात बसलेल्या सखुबाई. समितीने भिंग मागवले. पाच दिवसांत तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत मॅडम आणि किशनराव यांनी आठच्या बाजूने मत दिले. सखुबाई म्हणाल्या, “तुमी काय बी टाका, पण आज टाका.” हे मत तटस्थ म्हणून नोंदवण्यात आले.

आठ टाकला. संगणकाने किल्ली चुकीची असल्याचे कळवले. समितीचा निर्णय बहुमताचा असल्याने तो चुकीचा असू शकत नव्हता, म्हणून संगणकाला कारणे दाखवा नोटीस काढण्यात आली आणि ती पडद्यावर चिकटवण्यात आली. खुलाशासाठी सात दिवसांची मुदत होती. सर्व जण चहाला गेले तेव्हा ओमप्रकाशांनी नोटीस जरा वर उचलून बी टाकला. संगणक पुढे सरकला. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांना वाटले की नोटिशीचा परिणाम झाला. कागदोपत्री आजही तिथे आठच आहे.

ज्वारीतल्याच आणखी एका सीडीवरून संध्याकाळपर्यंत कूपदर्शनही सुरू झाले. अनधिकृत हाताळणी होऊ नये म्हणून कॅबिनेटला लाख लावून मोहोर केली गेली. मग ओमप्रकाशांना खालच्या कोपऱ्यातली तारीख दिसली. एक जानेवारी दोन हजार दोन.

“घड्याळाचा सेल मेला हाय आतला,” ते म्हणाले. “रोज चालू केला की हीच तारीख येणार. सेल माझ्या खिशात हाय, पण तुमी सील केलं.”

“सील वर्षअखेरीच्या तपासणीतच निघतं,” मॅडम म्हणाल्या.

“मग रोज सकाळी हातानं तारीख बदला.”

“हाताने तारीख बदलणं म्हणजे अभिलेखात खाडाखोड. त्याला फौजदारी आहे.”

ओमप्रकाशांनी खिशातला सेल खिशातच दाबला आणि ते हिंगोलीची गाडी पकडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सखुबाईंचा अर्ज भरायला घेतला. अर्जदाराचे वय प्रोग्राम स्वतः काढून दाखल्यावर छापत असे. किशनरावांनी पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला.

“बाई, दोन हजार दोनला तुमी कुठं होत्या?”

“हट्ट्याला. माहेरी. सातवीत होते.”

“मग तुमी अज्ञान. पालकाची सही लागंल. वडील असतील ना?”

“दोन हजार अकराला गेले.”

“पण दोन हजार दोनला होते ना? मग आणा सही.”

रडावे की भांडावे, हे सखुबाईंना ठरवता आले नसावे. घरून निघताना त्यांनी हळदीची पाने पाहिली होती. ती दुपारच्या आत गुंडाळू लागली होती. त्यांनी विचारले, “अंगठा चालंल का? बापाला सही येत नव्हती.”

“चालंल.”

त्या बाहेर गेल्या, बंडूंच्या टेबलावरच्या शाईत आपलाच अंगठा बुडवला आणि कागदावर उमटवून आणला. किशनरावांनी तो भिंगातून पाहिला. “स्पष्ट हाय,” ते म्हणाले. “जुन्या माणसांचे अंगठे चांगले असायचे.” दाखला निघाला. त्यावर तारीख होती एक जानेवारी दोन हजार दोन.

हा दाखला घेऊन त्या वीज कार्यालयात गेल्या. तिथल्या माणसाने दाखला वाचला, तारीख वाचली, आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला. तेवीस वर्षे प्रलंबित असलेले प्रकरण त्याने कधी पाहिले नव्हते. असे प्रकरण बाहेर कळले असते तर सर्वांची चौकशी लागली असती. सखुबाईंना पाणी विचारले गेले, पंखा लावला गेला आणि प्रतीक्षा यादीत त्यांचे नाव सर्वांत वर गेले. चौथ्या दिवशी खांब उभा राहिला, सहाव्या दिवशी मोटार सुरू झाली. पहिले पाणी सरीत उतरले तेव्हा सखुबाई बांधावर बसून एकट्याच हसत होत्या. विचारलेच तर सांगत, “बापाच्या अंगठ्यानं पाणी आलं.”

ही बातमी गावात पसरली.

इकडे उपकेंद्रात किशनरावांनी एक टिप्पणी लिहिली. एका कार्यालयात दोन तारखा असणे शिस्तीला धरून नाही. संगणकाची तारीख बदलता येत नसल्याने कार्यालयाची तारीख बदलावी. ते स्वतः त्या डिसेंबरात निवृत्त होणार होते. नव्या हिशोबाने त्यांचे वय चौतीस निघत होते. हा योगायोग असल्याचे त्यांनी टिप्पणीच्या शेवटी स्वतःहून नमूद केले. मॅडमना टिप्पणीत नियमाचे काही चुकलेले सापडेना. त्यांनी मंजुरीची सही केली.

सही वाळायच्या आत किशनराव म्हणाले, “मॅडम, एक तकलीफ हाय. या तारखेला तुमचं वय आठ वर्षं येतंय.”

“मग?”

“आठ वर्षांच्या लेकराला कामावर ठेवणं गुन्हा हाय. आमी सगळेच आत जाऊ.”

मॅडमनी नियम आठवून पाहिला. नियम बरोबर होता. त्यांनी शांतपणे ड्रॉवर रिकामा केला, चावी किशनरावांच्या हातात दिली आणि त्या घरी गेल्या. बंडूंनी त्यांना दारापर्यंत सोडले आणि रस्ता नीट पाहून ओलांडायला सांगितले. त्यांच्या हजेरीपुढे ‘तिसरी इयत्ता’ असा शेरा पडला.

प्रभारी प्रमुख म्हणून किशनरावांनी सूत्रे हाती घेतली. रोज सकाळी संगणक सुरू होई आणि रोज एक जानेवारी उजाडे. कोणताही अर्ज कधीही काढला तरी तो त्याच दिवशी निकाली निघे, कारण दुसरा दिवस येतच नव्हता. प्रलंबित प्रकरणे शून्य, असा अहवाल वर गेला आणि वरून अभिनंदनाचे पत्र आले. तक्रार फक्त बंडूंची होती. एक जानेवारी दोन हजार दोनला मंगळवार होता, त्यामुळे रविवार येत नव्हता. “सहा आठवडे झाले, साहेब,” ते म्हणाले. “किती मंगळवार करायचे माणसानं?” त्यांना संकष्टीचा उपवास असल्यास अर्धा दिवस सवलत देण्यात आली.

मॅडमनी घरून तक्रार केली. ती अल्पवयीन अर्जदाराची म्हणून पालकांकडे परत आली. पण दुसरी प्रत कशी कोण जाणे वर पोहोचली आणि ओमप्रकाशांना सील तोडून सेल बदलण्याचा लेखी आदेश मिळाला. ते पेचकस आणि सेल घेऊन आले तेव्हा उपकेंद्राबाहेर रांग होती. ती फाट्यापर्यंत गेली होती. नोकरीची वयोमर्यादा ओलांडलेले होते. शाळेत वय चुकीचे लागलेलेही होते. ज्यांच्या शेतात विहीर नव्हती असेही पुष्कळ होते, कारण दोन हजार दोनला नव्हती हे कोण सिद्ध करणार.

“जरा वाट द्या,” ओमप्रकाश म्हणाले. “घड्याळ बराबर करायचं हाय.”

कोणी हलले नाही. पुढच्या माणसाने फक्त विचारले, “काहून? कुणाला घाई हाय?”

ओमप्रकाशांनी रांगेची लांबी पाहिली, हातातला आदेश पाहिला. मग ते रांगेच्या शेवटी गेले आणि माझ्या मागे उभे राहिले. त्यांनाही दोन हजार दोनमध्ये एक काम होते. माझे काय होते ते विचारू नका. मी या कार्यालयाच्या कारभाराविरुद्ध खरमरीत लेख लिहायला गेलो होतो, आणि आधी एक दाखला काढून घ्यावा असे वाटले, एवढेच.

ओमप्रकाशांच्या मागे अजून जागा आहे. येताना त्या सालचा एक फोटो आणावा. आणि हे वाचून हसू येत असेल तर बाहेरच हसून घ्यावे. रांगेत सगळे फार गंभीर आहेत.