मुंग्या आल्या, जोम आला!

माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा, हातात कुठलंही कापड द्या, नाव सांगतो! सूत कुठलं, वीण कशी, पहिल्या धुण्यात किती आटेल, रंग राहील की जाईल, सगळं सांगतो. हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे आणि त्याच्या गादीवर मी, रामचंद्र, मिसरूड फुटायच्या आधीपासून बसतोय. व्यापारी खोटं बोलेल, लेबल खोटं बोलेल, पण माझा अंगठा आणि तर्जनी आजवर कधी खोटं बोलली नव्हती!

हे शिक्षण वडिलांचं. त्यांना अख्खी पेठ अण्णा म्हणायची. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ते स्वतःचा पंचा माझ्या डोळ्यांवर बांधायचे आणि एकेक तुकडा हातात द्यायचे. पॉपलिन, मांजरपाट, लंकलाट, गुळेदगुड्डचा खण. चुकलो की डोक्यात टपली, बरोबर आलं की समोरच्या हॉटेलातली गरमागरम मिरची भजी. "डोळ्यांनी कापड बघतं ते गिऱ्हाईक, बोटांनी बघतो तो व्यापारी," असं म्हणायचे. निपाणीहून एक ट्रंक घेऊन आलेला हा माणूस, त्याने मला दुकान दिलं, घर दिलं, पण खरी इस्टेट म्हणजे ही दोन बोटं. अण्णांची आठवण आली की मी अजूनही नकळत धोतराचा सोगा बोटांत चोळतो.

आणि त्याच बोटांना गेल्या वर्षी मुंग्या यायला लागल्या!

आधी नुसत्या मुंग्या. मग बोटांची टोकं बधिर. चहाचा कप धरला की गरम आहे की गार, ते जिभेला विचारावं लागे. पायांचीही तीच गत. एकदा तर देवळातून एकाच पायात चप्पल घालून केशवापूरला घरापर्यंत आलो आणि वत्सलाने सांगेपर्यंत मला पत्ता नाही! वत्सला म्हणजे आमची सौभाग्यवती. मी तिला बजावलं, "हे बघ, अमितला यातलं अक्षर कळता कामा नये."

अमित आमचा मुलगा. गुणी आहे, पण मला घरी बसवायला टपलेला. "अप्पा, आता आराम करा," हे तो इतक्या प्रेमाने म्हणतो की कानाखाली वाजवावीशी वाटते. मला आराम नको होता. मला गादी हवी होती. गादीवरून उठलेला कापडवाला म्हणजे नुसता एक म्हातारा, तो कुठेही मिळतो.

पण लपवून किती दिवस लपणार? अनसूयाबाई आमच्या दोन पिढ्यांच्या गिऱ्हाईक. नातवाच्या दुपट्यांसाठी मऊ सुती कापड मागायला आल्या. मी ऐटीत ठाण काढलं, बोटांत चोळलं, "शंभर टक्के सुती! बाळ गाढ झोपेल!" म्हणून फाडून दिलं. दोन दिवसांनी बाई परत आल्या. बाळाच्या अंगावर घामोळं उठलं होतं. कापड निघालं चक्क पॉलिस्टर!

त्या माउली रागावल्या नाहीत. "असू दे रामचंद्रण्णा, वय होतं माणसाचं," असं हळू आवाजात म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अमितने हे सगळं ऐकलं आणि स्वतः उठून बाईंना दुसरं, खरं सुती कापड फाडून दिलं. ते मला जास्त झोंबलं.

आता डॉक्टरांकडे जाणं भाग होतं. दवाखान्यात फोन करायचं काम वत्सलाने घेतलं, आणि तिथेच घात झाला! वत्सला मूळची फलटणची. हुबळीत येऊन तिला जन्म लोटला, पण तिचं कन्नड अजून फलटणच्या स्टँडवरच उभं आहे. ती मनात मराठी वाक्य जुळवते आणि शब्दाला शब्द ठेवून कन्नड करते. फोन घेतला कंपाउंडर संतोषने.

"नम्म मनियवर कैगी इरवी बंदावरी!" वत्सला म्हणाली. म्हणजे, आमच्या यजमानांच्या हाताला मुंग्या आल्यात.

आता मराठीत मुंग्या 'येतात', पण कन्नडात इरवी म्हणजे खरीखुरी मुंगी, सहा पायांची! संतोष दचकला. "कैगी? कालिगू हत्यावेन्री?" पायांवरही चढल्यात का?

"हौद्री! कालिगू! रात्री तर भाळ!" हो, पायांवरही, रात्री तर फारच! वत्सलाने आणखी पाच-पन्नास मुंग्या सोडल्या.

ज्या माणसाच्या अंगाला मुंग्या लागतात, तो माणूस गोड असला पाहिजे, हे संतोषला कळायला वेळ लागला नाही. "अय्य शिवने! शुगर भाळ आगेद बिडरी!" अरे देवा, साखर फारच झालीय, असं ओरडून त्याने दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. आणि संध्याकाळी पेठेतून घरी जाताना त्याने आमच्या दुकानात डोकावून अमितला काळजीने विचारलं, "अप्पांची शुगर इतकी वाढली आणि तुम्ही गप्प? मुंग्या चढतात म्हणे!"

झालं! दिवेलागणीपर्यंत दाजीबानपेठेत एकच बातमी. रामचंद्रअप्पांची साखर इतकी वाढलीय की ते झोपले की मुंग्यांची रांग लागते! शेजारच्या भांडीवाल्याने मला पाहून चहाचा कप पाठीमागे लपवला. एकाने विचारलं, "खरंच का हो, पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवता?" अमित रात्री घरी आला तो डोळ्यांत पाणी घेऊनच. "अप्पा, इतकं झालं आणि मला सांगितलं नाहीत? उद्यापासून दुकान बंद! तुमचं!"

सकाळी विद्यानगरहून रिक्षाने माझी थोरली बहीण अंबूताई आली. एका हातात कारल्याचा रस, दुसऱ्या हातात मेथ्यांची पुरचुंडी. "रामू, नाक दाब आणि पी!"

"ताई, अगं मला शुगर नाही!"

"सगळे शुगरवाले असंच म्हणतात!" आणि तिने माझं नाक दाबलं. लहानपणी एरंडेल पाजताना दाबायची तस्संच. मी त्या जोरावरून ओळखलं की ताईच्या बोटांना काही झालेलं नाही. पाठोपाठ घरातले पेढे गायब झाले. देवापुढच्या नैवेद्याच्या वाटीवरसुद्धा ताईने झाकण ठेवलं!

डॉक्टर वादिराज धारवाडचे, शांत माणूस. त्यांनी माझ्या हातापायांना टोचून पाहिलं, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी आम्ही सगळे त्यांच्यासमोर बसलो. मी, वत्सला, अमित आणि बोलावलं नसताना अंबूताई.

"शुगर एकदम नॉर्मल," डॉक्टर म्हणाले.

"मग मुंग्या?" ताईने विचारलं. तिला जरा वाईटच वाटलेलं दिसलं. कारल्याचा रस अजून बाटलीभर शिल्लक होता.

"बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे. यांच्या वयात, शाकाहारी जेवणात, असं होतं पुष्कळांना. नसांना खुराक कमी पडला. काही इंजेक्शनं आणि रोज एक गोळी." आणि माझा हात हातात घेऊन ते कन्नडात म्हणाले, "कै जोम हिडदद, अष्ट." हाताने जोम धरलाय, एवढंच.

वत्सलाने चमकून माझ्याकडे बघितलं. "जोम? यांना? या वयात?"

आता तिला कसं सांगू की मराठीत जोम म्हणजे उमेद, आणि कन्नडात जोम म्हणजे तीच ती बधिरता! मी कानात सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तरीच! मला वाटलं डॉक्टर चेष्टा करतायत." आणि तोंडाला पदर लावून हसली. लग्न होऊन आली तेव्हा अशीच हसायची. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला सगळं विसरायला झालं.

"किती दिवसांत बोटं परत येतील?" मी विचारलं.

"नसा म्हणजे आम्हा धारवाडकरांसारख्या. हुबळीवाल्यांची घाई त्यांना कळत नाही. महिने लागतील. पूर्ण येतील की थोड्या, तेही आत्ता सांगणार नाही." मग म्हणाले, "आणि गोळ्यांनी लघवी पिवळीधमक होईल, घाबरू नका." बरं झालं, हे ताईसमोर सांगितलं. नाहीतर तिने कावीळ जाहीर केली असती!

पण मी मुळात व्यापारी. दुप्पट माल उचलला तर निम्म्या वेळात पोचला पाहिजे, असा माझा हिशेब. मी गुपचूप दोन-दोन गोळ्या घ्यायला लागलो. चौथ्या दिवशी वत्सलाने पकडलं. "खत जास्त घातलं म्हणून ज्वारी उद्या उगवत नाही!" असं म्हणून तिने गोळ्यांची पाकिटं स्वतःच्या ताब्यात घेतली. तेव्हापासून रोज सकाळी ती एक गोळी हातात देते आणि गिळेपर्यंत पोलिसासारखी उभी राहते.

शुगर नाही म्हटल्यावर मी अमितला म्हणालो, "उद्यापासून येतो दुकानात."

"आणि अनसूयाबाई?" अमित म्हणाला. मी धोतराचा सोगा चोळायला लागलो. मग त्यालाच माझी दया आली. "बरं अप्पा, तुम्हीच म्हणता ना, डोळे बांधून कापड सांगतो? रविवारी तीन तुकडे आणतो. तिन्ही ओळखा, गादी तुमची. चुकलात तर घरी."

माझ्या तोंडून 'कबूल' निघून गेलं. तोंड कधी बधिर होत नाही हो माझं, तीच तर अडचण!

रविवारी केशवापूरच्या आमच्या बैठकीत दरबार भरला. ताईने टॉवेल बांधला, इतका घट्ट की मला तारे दिसले. पहिला तुकडा हातात आला. बोटांनी चोळला. काही नाही! जणू दुसऱ्याच्याच बोटांनी चोळतोय. मी कापड दोन्ही हातांनी ताणून फट्‌दिशी ओढलं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. "पॉपलिन!"

"बरोबर!" अमित म्हणाला.

दुसरा तुकडा आला. मी घाम पुसल्यासारखं करून नाकाशी नेला. कोऱ्या खळीचा वास! "मांजरपाट!"

"बरोबर... अप्पा, एक मिनिट. आता नाकाजवळ न्यायचं नाही. ओढायचंही नाही. फक्त बोटं."

मी हात पुढे करून बसलो. कपाळावर खराखुरा घाम आला. मला अण्णा आठवले, टपली आठवली, आणि एकदम जाणवलं की यावेळी चुकलो तर भजीही नाही आणि पुन्हा तुकडाही नाही. तेवढ्यात तिसरं कापड हातात आलं. मी जीव एकवटून अंगठा आणि तर्जनी फिरवली. अगदी अंधुक, भिंतीपलीकडून हाक यावी तसं काहीतरी लागलं. मऊ. पातळ. सैल.

आशा वाटली आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. "हां! मलमल! पण जुनं! खूप धुतलेलं. चिमटीत धरलं की वर येतं, पण सोडलं की परत बसत नाही. सुरकुत्या तर अशा की दहादा इस्त्री करा, जायच्या नाहीत! अमित, हा माल गिऱ्हाइकाला दाखवू नकोस. कुणी फुकटसुद्धा नेणार नाही!"

ताईचा असा काही हसण्याचा स्फोट झाला की टॉवेल मीच उपटून काढला.

माझ्या चिमटीत वत्सलाच्या हाताची कातडी होती!

तिसरा तुकडा अजून अमितच्याच मांडीवर होता. माझा घाम बघून वत्सलाला राहवलं नव्हतं. 'पुरे करा' म्हणायला ती उठून आली, पण म्हणायच्या आधीच तिने माझा हात धरला होता. आणि मी तिचा भाव केला होता!

"वत्सला, अगं मला वाटलं..."

"कळलं काय वाटलं ते!" ती हात सोडवून घेत म्हणाली. "पण एक ऐकून ठेवा. फलटणला आमच्या माहेरीही तुमच्या दुकानासारखाच नियम आहे. एकदा दिलेला माल परत घेत नाहीत!"

ताई सोफ्यावरून खाली घसरली. अमित डोळे पुसत म्हणाला, "अप्पा, हरलात. पण उद्यापासून या दुकानात. कापडाला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं."

"बोलायचं?" वत्सला म्हणाली. "अरे, हातापेक्षा तोच धोका मोठा आहे!"

तरी मी जातो. गादीवर बसतो, कापड अमित दाखवतो, मी जुन्या गोष्टी सांगतो. अनसूयाबाई परवा तासभर बसून गेल्या. अण्णांच्या आठवणी काढून आम्ही दोघंही रडवेले झालो. इंजेक्शनं संपली, गोळ्या चालू आहेत. बोटं अगदी धारवाडी चालीने परत येतायत. कधी चहा पोळतो, आणि मी "पोळला! पोळला!" म्हणून आनंदाने ओरडतो.

काल सकाळी नेहमीसारखी वत्सला गोळी घेऊन आली. माझ्या तळहातावर गोळी ठेवताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि ती मला कळली! स्पष्ट! बोटांना विळीचे बारीक चरे, तव्याच्या चटक्यांनी जाड झालेली टोकं, आणि खाली ती ऊब. लग्नात होमासमोर हा हात पहिल्यांदा हातात आला तेव्हा नवाकोरा खण होता. आज तो वेगळाच होता आणि मला तो त्याहून आवडला. माझे डोळे भरून आले.

"काय झालं? बोटांना काही लागतंय?" तिने इतक्या आशेने विचारलं की काय सांगू!

लागत होतं तर! जाडंभरडं, खरखरीत, पण थंडीत त्याच्यावाचून निभत नाही असं. कापडाचं नाव अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं: घोंगडी!

मी घाईघाईने गोळी तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यालो.